तिसऱ्या कमानीखाली

हरिबाने बाभळीचा काटा दगडांच्या सांध्यात खुपसला, आणि तो अर्धा बोट आत गेला. त्याने काटा बाहेर ओढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि वरच्या सांध्यात खुपसून पाहिला. तिथेही तेच. मुरलेल्या चुन्यात काटा शिरत नाही, मोडतो. हरिबा परांचीवरून खाली उतरला आणि घाणीकडे चालू लागला.

घाणीपाशी भिवराबाई वाळू चाळत होती. ती पहिल्या दिवसापासून पुलाच्या या कामावर होती, आणि तिला बोलते करावे लागत नसे. आज मात्र हरिबाला पाहून तिने चाळणी जरा जोरातच हलवली.

"भिवरे, तिसऱ्या कमानीच्या चुन्याला किती फेरे दिले?"

"मला कावून इचारता? मी वाळूवाली."

"तुला दिसतंय, म्हनून इचारतो."

तिने इकडेतिकडे पाहिले. "तीस. कदी पंचवीसबी. तुमचे जावईच हुबे असायचे हितं. बैल दमला तर दुसरा जुंपा म्हनायचे, पर थांबू नका."

हरिबा घाणीच्या काठावर बसला आणि चरात वाळलेला चुना बोटाने खरवडून पाहू लागला.

घाणी म्हणजे जमिनीत दगडाने बांधलेला गोल चर. त्यात भाजलेला चुना, वाळू, गुळाचे पाणी आणि बेलफळाचा गर घालायचा आणि बैल जुंपून दगडी चाक त्यावरून फिरवायचे. हरिबा लोणारी एका घाणीला एकशेवीस फेरे देत असे. एक फेरा झाला की एक खडा उजवीकडून डावीकडे. एकशेविसावा खडा पडला की चुना काढून ओल्या गोणपाटाखाली आठ दिवस मुरवायचा आणि मगच गवंड्याच्या हाती द्यायचा. त्याचा बाप असेच करीत होता. उभ्या जन्मात या माणसाने चुन्यापलीकडे काही पाहिले नाही म्हटले तरी चालेल. लग्न केले तेसुद्धा भट्टी लावायच्या आधी उरकून घ्या, नाहीतर पुढच्या साली बघू, असे म्हणून. त्याच्या बायकोने, तुळजाबाईने, हे त्याला तीस वर्षे ऐकवले.

फसली तेराशे चोवीस साली, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे चौदाच्या सुमारास, पाटोद्याच्या वाटेवर वाकडीच्या ओढ्यावर सरकारने तीन कमानींचा पूल काढला, तेव्हा चुन्याला हरिबाच हवा असे कामाचा ठेका घेतलेल्या गुत्तेदार शेटजीला कोणी सांगावे लागले नाही. त्याला कारण होते. त्या भागात रिवाज असा की कमान बांधताना खालून लाकडाचा ढोला उभारतात, त्याच्या आधाराने दगड बसवतात आणि चुना धरला की ढोला काढतात. तो काढताना ज्याने चुना मळला त्याने कमानीखाली उभे राहायचे. पडली तर आधी त्याच्यावर पडावी, इतका सरळ न्याय. हरिबा आजवर सव्वीस कमानींखाली उभा राहिला होता. त्यात या पुलाच्या पहिल्या दोन होत्या. हरिबा उभा राहिला ना, मग झाले, असे म्हणून लोक वरून गाड्या हाकत. त्याला लिहिता येत नव्हते. दोन घटका खाली उभे राहणे हीच त्याची सही होती.

तिसऱ्या कमानीच्या वेळी माजलगावला त्याचा थोरला भाऊ वारला. सुतकात घाणीला हात लावायचा नाही, हा लोणाऱ्यांचा नेम. तेरावा होईपर्यंत हरिबा माजलगावला राहिला, आणि जाताना घाणी जावयाच्या हाती देऊन गेला. परक्याच्या हाती घाणी द्यायची नसते हे त्याला पुरते ठाऊक होते. जावई परका नाही असे त्याने धरले, तिथे तो चुकला.

जावई रामहरी लिंबाखाली राहुटीत बसला होता. सहा वर्षांपूर्वी तो हरिबाच्या घाणीचा बैल हाकत असे. आता तो कामावरचा मुकादम होता, अंगात काळा कोट घालत होता आणि उर्दू वाचायला शिकला होता. कोणी शिकवले नव्हते. कचेरीच्या ओट्यावर बसून, अर्जनविसाच्या हातापाया पडून शिकला. खोटे कशाला बोला, माणूस राबणारा होता. त्याला वर जायचे होते आणि वर जाण्याची वाट त्याला दिसत होती. एवढेच होते, पण त्यापुढे त्याला दुसरे काही दिसत नव्हते.

"या मामा. तेरावा नीट झाला ना?"

"झाला. जावईबापू, तिसऱ्या कमानीचा चुना कच्चा हाय."

रामहरीने समोरच्या गड्याला काहीतरी आणायला पाठवले. तो गेल्यावर म्हणाला, "हाय."

हरिबाला वाटले होते तो नाही म्हणेल. मग भांडता आले असते.

"मंग उतरवा. परत बांधू. दोन महिन्यांचं काम."

"सोमवारी मोहतमीमसाहेबाचा दौरा हाय, मामा. सरकारी बांधकामाचा सगळ्यात मोठा साहेब. त्याच्या म्होरं ढोला निघाला तर परळीच्या वाटंचं गुत्तं माज्या नावानं. शेटजीनं शब्द दिलाय. लोनाऱ्याच्या पोटचा गुत्तेदार कुनी पाह्यलाय का आजवर? दोन महिन्यांनी ते दुसऱ्याच्या नावानं आसंल."

"कोरडी हाय तवर ती उबी राहील, राह्यली तर. ओढा छातीइतका चढला की सांधे धुऊन निघत्याल. वर गाडी आसली तर गाडीसकट जाईल."

"ह्या ओढ्याला तसलं पानी धा-बारा वर्सांत एकदा येतं."

"येतं ना पर."

रामहरी हसला. त्याचे हसू गोड होते. त्या हसण्यावरच तुळजाबाईने आपली लेक मनकर्णा देऊन टाकली होती. "मामा, तुमी फकस्त दोन घटका उबं राहा. बोलू नका काईच."

"उबं राह्यनं म्हंजीच बोलनं हाय, जावईबापू."

रामहरीने पुढचा कागद नीट घडी घालून कोटाच्या खिशात ठेवला. आवाज न चढवता म्हणाला, "मंग मनकर्णेला मी कशाच्या तोंडानं नांदवू, ते तुमीच सांगा. सासराच मला खड्ड्यात घालनार आसंल तर त्याची लेक घरात ठिवून काय करू?"

बाहेर ढोल्याची लाकडे उन्हाने कुरकुरत होती. हरिबा उठला आणि राहुटीतून वाकून बाहेर पडला. आत येताना तो वाकला नव्हता, हे घरी पोचल्यावर त्याच्या ध्यानात आले.

वाटेत त्याला आप्पाराव गवंडी भेटला. तिन्ही कमानी त्याच्याच हातच्या. हरिबाने त्याला काटा दाखवला. आप्पारावाने काट्याकडे पाहिलेच नाही.

"मी दगडाचं सांगतो, हरिबा. दगड चोख बसलेत माजे. चुन्याचं मला काय इचारतोस?"

"तुला कळतंय आप्पाराव. थापीखाली कच्चा चुना हाताला लागत न्हाई व्हय?"

"परळीच्या कामावर मला न्यायचं म्हनलेत," आप्पाराव म्हणाला आणि पायाने माती उकरत राहिला.

आदितवारी दुपारी मनकर्णा माहेरी आली. ओढ्यापलीकडे सासर, इकडे माहेर, मध्ये अर्धा कोस. भट्टीशेजारच्या खोपटात येऊन ती आईजवळ बसली. डोळे सुजलेले होते, पण रडून झालेले होते.

"आबा, ते म्हनले उबं राह्यला न्हाईत तर मला हितं आनून सोडनार."

तुळजाबाई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. "अवो, लेकीचा संसार हाय. सव्वीस कमानींखाली राह्यलाव, एकीनं काय हुतंय?"

"सव्वीस कमानी माज्या हुत्या," हरिबा म्हणाला.

"आन ही तुमच्या जावयाची."

"म्हनूनच म्हनतो."

मनकर्णा बापाकडे पाहत होती. "आबा, खरंच पडंल ती?"

तिला खोटे सांगता आले असते. हरिबाने क्षणभर तसा विचारही केला. "कदी ते सांगता यायचं न्हाई. पर पडंल. त्या येळंला वर कुनाची तरी मानसं आसत्याल. आपली नसत्याल कदाचित."

मनकर्णा उठली, तिने आईचा तवा उतरवला, उरलेल्या दोन भाकरी स्वतः केल्या आणि ऊन कलायच्या आत परत निघाली. जाताना म्हणाली, "तुमाला योग्य वाटंल ते करा, आबा." हे तिने रागाने म्हटले नाही. रागाने म्हटले असते तर हरिबाला सोपे गेले असते. त्याच्या मनाचे ठरले होते. साहेबाच्या तोंडावर सांगायचे, आणि लेक आली तर लेकीला आपण सांभाळायचे. माणसाला एवढी एक भाकर वाढवता येतेच.

सोमवारी सकाळपासून ओढ्याच्या दोन्ही काठांवर गावे लोटली होती. मोहतमीमसाहेब घोड्यावरून आले. उतारवयाचे, गोरेपान, बोलायला शांत. त्यांच्यासाठी खुर्ची टाकली होती, त्यांनी ती उन्हातून सावलीत घ्यायला लावली. तिसऱ्या कमानीखाली ढोल्याच्या पाचरी ठोकून काढायला दोन्ही बाजूंना चार-चार सुतार हातोडे घेऊन उभे होते. रामहरी कोटाची सगळी बटणे लावून साहेबांच्या उजव्या हाताला होता.

"चुनेवाला कहाँ है?" साहेबांनी विचारले. रिवाज त्यांनाही ठाऊक होता, आणि तो त्यांना आवडतही होता.

हरिबा पुढे झाला. त्याने हात जोडले. "हुजूर, ह्या कमानीचा चुना माजा न्हाई."

साहेबांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिले. हरिबा पुढे म्हणाला,

"माजलगावला सुतकात गेलतो. माघारी तीस फेऱ्यांचा चुना लागलाय. काटा जातोय सांध्यात. हुजूरांनी सोता बघावं. कमान उतरवून परत बांधावी लागंल. मी तिच्या खाली उबा राहनार न्हाई."

साहेबांनी रामहरीकडे पाहिले. रामहरीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. होता तो कळवळा, आणि तो इतका खरा दिसत होता की पाहणाऱ्याला रामहरीचीच दया यावी.

"हुजूर, यांचा सख्खा भाई गुजर गया. तेव्हापासून मन ठिकाणावर न्हाई. घाणी त्यांची, चुना त्यांचाच, तरी जिथं तिथं मरण दिसतं त्यांना. माझे सासरे आहेत, मी काय बोलू? गवंड्याला विचारा."

आप्पारावाने मान खाली घालून सांगितले की दगड चोख आहेत.

"काटा तर हर नये काम में जाता है," साहेब म्हणाले. ते खोटे नव्हते. आठ दिवसांच्या चुन्यात जातो कधी कधी. किती जातो आणि कसा जातो, हे हरिबाच्या हाताला कळत होते, आणि हात काही बोलू शकत नव्हता. "मगर नीचे कोई तो खडा रहेगा. रिवाज है."

"रिवाज चुनेवाल्याच्या रक्ताचा आहे, हुजूर," रामहरी म्हणाला. "त्यांना मुलगा न्हाई. त्यांची लेक उभी राहील. माझी घरवाली."

हरिबाला आधी ते नीट ऐकूच आले नाही. मग बायकांच्या घोळक्यातून मनकर्णा बाहेर आली, डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला आणि कोरड्या ओढ्यातली वाळू तुडवीत कमानीखाली जाऊन उभी राहिली. तिला अगोदर सांगून ठेवले होते हे उघड होते. रामहरीने हात वर केला. पहिला हातोडा बसला.

मला विचाराल तर रामहरीला कमान पडावी असे मुळीच वाटत नव्हते, आणि बायको मरावी असेही नाही. त्याने फक्त हिशेब केला होता. म्हातारा आपल्या शब्दासाठी लेकीचा संसार मोडू देईल, पण लेकीला एकटीला कमानीखाली ठेवून काठावर उभा राहणार नाही. आणि तो खाली गेला की गेला. का गेला, हे कोण विचारतो?

हरिबालाही हे सगळे त्या एका क्षणात कळले. दुसरी पाचर निघाली. लाकूड करकरले आणि वरून चिमूटभर पांढरी पूड मनकर्णेच्या पदरावर पडली. हरिबा चालू लागला. आपण काय करतो आहोत हे त्याला स्वच्छ दिसत होते, आणि पाय थांबत नव्हते.

त्याने तिचे मनगट धरले. "चल भाईर."

"आबा, ते म्हनलेत हलू नको. हलले तर घरात पाऊल न्हाई. तुमी जा."

तिने मनगट सोडवून घेतले. तिसरी पाचर, चौथी. हरिबाने डोईचे मुंडासे सोडले, त्याच्या घड्या केल्या आणि दोन्ही हातांनी ते लेकीच्या डोक्यावर धरले. तीनशे दगडांपुढे त्या फडक्याचा काय उपयोग, हे त्याला कळत नव्हते असे नाही. चारचौघांत, साहेबांसमोर उघड्या डोईने तो तसा उभा राहिला. पाचवी. सहावी. सातव्या पाचरीला वरती कुठेतरी दगड दगडावर बसल्याचा आवाज झाला आणि काठावरची एक बाई किंचाळली. आठवी पाचर निघाली. ढोला बोटभर खाली बसला. कमान आणि लाकूड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसू लागली.

कमान उभी होती.

लोकांनी एकच गलका केला. ढोल वाजू लागले. साहेब खुर्चीतून उठले, आणि रामहरी त्यांच्या पायाशी वाकला. हरिबा लेकीला घेऊन बाहेर आला तेव्हा साहेब त्याच्याकडे पाहून हसत होते.

"हुजूर," हरिबा म्हणाला, "आज टिकली. पान्यात टिकनार न्हाई. म्या लेकीपायी गेलो खाली. चुन्यापायी न्हाई."

"बडे मियाँ, खुद नीचे खडे थे, और अब भी डर?" साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माणूस भला होता. त्याने हरिबालाही शेला द्यायला लावला. हरिबाने तो घेतला नाही, आणि खांद्यावर टाकला तेव्हा घसरून पडू दिला. भिवराबाईने तो उचलून झटकला. मनकर्णा नवऱ्याच्या मागून सासरी गेली. तिचा संसार वाचला होता.

मिरगानंतर पुलावरून गाड्या सुरू झाल्या. हरिबा रोज पुलाच्या तोंडाशी जाऊन उभा राहू लागला. "खालून जावा," तो गाडीवानांना सांगे. "पानी न्हाई फारसं. खालून घ्या गाडी." पहिल्या आठवड्यात दोघे-तिघे थांबले. मग थांबेनासे झाले. बैल न थांबवता त्याला सांगत, "आबा, आवं तुमीच तर उबं राह्यला व्हता की ह्याच्या खाली. आमी डोळ्यानं पाह्यलं." सव्वीस कमानींनी मिळवलेला शब्द सत्ताविसाव्या कमानीने त्याच्याविरुद्ध उभा केला होता. पाटोद्याच्या बाजारात पोरे त्याची नक्कल करू लागली. त्याला कामाला बोलावणे बंद झाले. भट्टीवर गवत उगवले.

मग त्याने बोलणे सोडले. पुलापासून वीस हात खाली गाड्यांचा जुना उतार होता, कामाच्या दगडांनी बुजलेला. हरिबा एकटाच तिथे उतरला आणि दगड बाजूला काढू लागला. पहाटेपासून दुपारपर्यंत. मोठा दगड असला तर पहार लावून, दिवसभर एकच. पात्रातले खड्डे त्याने मुरमाने भरले. कोणी विचारले तर सांगे, "वाट करतोय." पूल असताना वाट कशाला, असे पुढे कोणी विचारीत नसे.

श्रावण लागला. ओढ्याला मांडीइतके गढूळ पाणी होते आणि वरच्या अंगाला दिवसभर आभाळ काळे असे. पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी हरिबा पाण्यात उभा राहून काठाचा एक दगड हलवत होता. पलीकडच्या वाटेने पडदे लावलेली एक दमणी आली. बैल नवे होते, शिंगे रंगवलेली. मनकर्णेला आणायला जाईल असा भाऊ नव्हता, म्हणून नवराच तिला पंचमीसाठी माहेरी पोचवायला निघाला होता. रामहरी आता गुत्तेदार झाला होता. स्वतः कासरा धरून बसला होता.

दमणी पुलाच्या तोंडाशी येऊन थांबली. मागून बाजाराच्या दोन गाड्या आल्या. त्यांना रामहरीने हाताने पुढे जायला सांगितले. त्या पुलावर चढल्या. मग त्याने दोन्ही बाजूंना पाहिले आणि बैल उताराकडे वळवले.

हरिबाने पहार खाली ठेवली. दमणी पाण्याशी आली तेव्हा त्याची आणि जावयाची नजरानजर झाली. रामहरीने मान फिरवली.

"पानी किती हाय?" त्याने समोर पाहतच विचारले.

"मांडीइतकं. डावीकडं खड्डा हाय, जावईबापू. इकडून घ्या." हरिबा पुढे झाला आणि त्याने बैलांच्या म्होरक्या धरल्या. तो पाण्यातून सावकाश, पायाने तळ चाचपत चालू लागला. बैल त्याच्या मागून येत होते.

मध्यावर आल्यावर दमणीचा पडदा बाजूला झाला. मनकर्णेने खाली पाण्याकडे पाहिले, मग मान वर करून पुलाकडे पाहिले, आणि मग नवऱ्याच्या पाठीकडे.

"अवो," ती म्हणाली, "आपन कावून खालून चाललोत?"

रामहरीने बैलांना हाक दिली. हरिबाने म्होरक्या जरा आखडून धरल्या आणि बैलांना काठाकडे वळवले. वर पुलावरून पंचमीला माहेरी निघालेल्या लेकींच्या गाड्या एकामागून एक चालल्या होत्या.